१६ एप्रिलची भरपगारी सुट्टी

न्यू जर्सीत राहणारी माझी आतेबहीण दरवर्षी एप्रिलात इन्कम टॅक्सचे कागद भरताना वैतागते आणि वैतागली की मला फोन करते. २०२३ साली मात्र स्वारी खुशीत होती. "अरे दादा, यंदा पंधराऐवजी अठरा तारखेपर्यंत मुदत आहे. वॉशिंग्टनमध्ये कसलीशी सुट्टी आहे म्हणे." कसली, ते तिला ठाऊक नव्हतं. तिच्या ऑफिसला सुट्टी नव्हती, नवऱ्याच्याही नव्हती. पंधरा तारखेला शनिवार, सोळाला रविवार, हे ठीक. पण सोमवारचं काय? शेकडो किलोमीटर दूरच्या एका शहराने आपल्या कर्मचाऱ्यांना सुट्टी द्यायची आणि त्यामुळे अख्ख्या देशाची टॅक्सची तारीख सरकायची, हा काय प्रकार, असं तिने विचारलं. फोनवर मला नीट सांगता आलं नाही, म्हणून हा लेख.

ही सुट्टी म्हणजे वॉशिंग्टन डी.सी.चा 'इमॅन्सिपेशन डे', म्हणजे मुक्ती दिन. १६ एप्रिल १८६२ रोजी अमेरिकेच्या राजधानीतली गुलामी कायद्याने संपली. २००५ पासून त्या तारखेला शहर सरकारच्या कर्मचाऱ्यांना भरपगारी सुट्टी असते.

राजधानीच आधी का?

लिंकनने गुलामांना मुक्त केलं, इतकं आपण शाळेत शिकतो. त्याचा प्रसिद्ध जाहीरनामा १ जानेवारी १८६३ चा. राजधानीतले लोक त्याच्या साडेआठ महिने आधी सुटले, ते वेगळ्याच कायद्याने. कारण सरळ आहे. त्या काळी गुलामी ठेवायची की नाही हा ज्या त्या राज्याचा मामला मानला जायचा. काँग्रेसचे, म्हणजे तिथल्या संसदेचे, हात तिथे बांधलेले होते. पण वॉशिंग्टन शहर कुठल्याच राज्यात नाही. राज्यघटनेनेच राजधानीचा कारभार थेट काँग्रेसकडे सोपवला आहे. तेव्हा इतर ठिकाणी 'आमच्या हातात नाही' म्हणता येत होतं, इथे ती सबब चालत नव्हती. परदेशी राजदूत येत-जात, खासदार स्वातंत्र्यावर भाषणं ठोकत आणि बाहेर रस्त्यावर माणसं मालकीची असत. १८५० मध्ये राजधानीतला गुलामांचा व्यापार बंद झाला होता, पण गुलाम बाळगायला बंदी नव्हती.

गुलामीवरून उत्तर-दक्षिणेत यादवी युद्ध पेटलं, दक्षिणेचे खासदार उठून गेले आणि वाट मोकळी झाली. मॅसॅच्युसेट्सचे सिनेटर हेन्री विल्सन यांनी डिसेंबर १८६१ मध्ये विधेयक आणलं. काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांत, सिनेटमध्ये २९ विरुद्ध १४ आणि प्रतिनिधिगृहात ९२ विरुद्ध ३८ मतांनी ते मंजूर झालं. लिंकनची सही झाली आणि सुमारे ३,१०० माणसं मोकळी झाली.

आता यातली ग्यानबाची मेख. हा कायदा ओळखलाच जातो 'भरपाई देऊन मुक्ती' या नावाने. भरपाई कोणाला? मालकांना. माणशी सरासरी ३०० डॉलरपर्यंत द्यायचे, त्यासाठी दहा लाख डॉलरची तरतूद. मालकाने नव्वद दिवसांत अर्ज करायचा, आपण सरकारशी एकनिष्ठ असल्याची शपथ घ्यायची आणि आपल्या 'मालमत्ते'चं वर्णन लिहून द्यायचं: नाव, वय, रंग, उंची, कामातलं कौशल्य, तब्येत. छाननीला तीन सदस्यांचा आयोग नेमला. माणसाची किंमत ठरवायची कशी हे त्या तिघांना उमजेना, तेव्हा त्यांनी बाल्टिमोरहून गुलामांच्या एका व्यापाऱ्यालाच मूल्यमापनासाठी बोलावलं. गुलामी बंद करण्याच्या सरकारी कामात गुलामांच्या दलालाला तज्ज्ञ म्हणून मानधन! सरकारी कामाचे नमुने आपल्यालाही नवे नाहीत, पण याला तोड नाही.

मार्गारेट बार्बर नावाच्या बाईंनी ३४ माणसांसाठी २३,४०० डॉलर मागितले, त्यांना ९,३५१ डॉलर ३० सेंट मिळाले. त्यांची इस्टेट होती तिथे आज नौदलाची वेधशाळा आहे आणि त्याच आवारात अमेरिकेच्या उपराष्ट्राध्यक्षांचं निवासस्थान. गॅब्रिएल कोक्ली हे तर स्वतः काळे, स्वतंत्र नागरिक. त्यांनी पूर्वीच पैसे मोजून आपली बायको आणि मुलं विकत घेतली होती, म्हणजे कागदोपत्री ते स्वतःच्या कुटुंबाचे मालक होते. त्यांनीही अर्ज केला आणि आठ जणांचे १,४८९ डॉलर २० सेंट त्यांच्या हातावर पडले. साऱ्या फायलीत हा एकच हिशेब मला न्यायाचा वाटतो.

आणि सुटलेल्यांना काय मिळालं? एक सेंटही नाही. एक लाख डॉलरची वेगळी तरतूद होती खरी, माणशी शंभर डॉलरपर्यंत. पण ती देश सोडून हैती किंवा लायबेरियाला जायला तयार असणाऱ्यांसाठी. जा म्हणायचे पैसे होते, राहणाऱ्याला काही नव्हतं.

रविवारची मजुरी

वॉशिंग्टनच्या कॅपिटलचा, म्हणजे संसदभवनाचा, घुमट फोटोत पाहिला असेल. त्याच्या टोकावर काशाचा एक स्त्रीपुतळा आहे, साडेएकोणीस फूट उंच. नाव 'स्वातंत्र्य'. तो ओतला गेला क्लार्क मिल्स नावाच्या शिल्पकाराच्या ओतशाळेत, आणि त्या कामावर जो कसबी माणूस होता तो होता फिलिप रीड. मिल्सचा गुलाम.

पुतळ्याचा प्लास्टरचा नमुना रोमहून आला होता, पाच भागांत. एका इटालियन कारागिराने तो जोडून ठेवला. ओतकामासाठी सुटा करायची वेळ आली तेव्हा हा गडी अडून बसला: सांधे कुठे आहेत ते सांगतो, पण आधी पगार वाढवा. सांधे प्लास्टरने असे बुजवलेले की डोळ्यांना दिसेनात. रीडने पुतळ्याच्या डोक्यावरच्या लोखंडी कडीत दोर अडकवला, कप्पी लावली आणि हळूहळू ताण दिला. वरचा भाग किंचित उचलला गेला, सांध्यावर केसासारखी चीर उमटली. सांधा सापडला. बाकीचेही तसेच सापडले. इटालियन कारागिराचं पुढे काय झालं ते सोडा, काम झालं.

रीडच्या मजुरीची पावती सरकारी दप्तरात आहे. सोमवार ते शनिवारच्या कामाचे पैसे मिल्सला जात, कारण माणूस मिल्सचा. पण भट्टीला रविवार नसतो. साच्याखालचा जाळ रविवारीही राखावा लागे, आणि रविवार हा गुलामाचाही सुट्टीचा वार, म्हणून त्या दिवसाची मजुरी त्याची स्वतःची. दिवसाला सव्वा डॉलर. तेहतीस रविवार. एकूण ४१ डॉलर २५ सेंट. सहीच्या जागी फुली.

मुक्तीचा कायदा झाल्यावर मिल्सनेही अर्ज केला. रीडचं वय ४२, दिसायला फारसा नाही पण डोक्याने हुशार, ओतकामात चांगला कारागीर, असं लिहून १,५०० डॉलर मागितले. मिळाले ३५० डॉलर ४० सेंट. म्हणजे फिलिप रीड सुटला त्याचे मालकाला साडेतीनशे, आणि 'स्वातंत्र्य' नावाच्या पुतळ्याखाली तेहतीस रविवार जाळ राखला त्याचे रीडला एक्केचाळीस. २ डिसेंबर १८६३ ला तो पुतळा घुमटावर चढला तेव्हा रीड स्वतंत्र होता.

त्या पुतळ्याच्या डोक्यावर आधी मुक्त झालेल्या गुलामाची टोपी घालायची ठरली होती, प्राचीन रोममधल्या चालीप्रमाणे. तेव्हाचे युद्धमंत्री जेफरसन डेव्हिस यांनी हरकत घेतली आणि टोपीच्या जागी पिसांचं शिरस्त्राण आलं. हेच डेव्हिस पुढे फुटून निघालेल्या दक्षिणेचे अध्यक्ष झाले.

मिरवणूक आली, गेली, परत आली

१८६६ च्या एप्रिलात राजधानीतल्या काळ्या नागरिकांनी मुक्तीची मोठी मिरवणूक काढली. मग हा दरवर्षीचा सोहळा झाला. पुढे त्यात आपल्याला ओळखीचं सगळं आलं: कुठल्या रस्त्याने जायचं, पुढे कोण चालणार, खर्च कोणाचा. १८८६ मध्ये दोन गटांच्या दोन वेगळ्या मिरवणुका निघाल्या आणि राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंड यांनी दोन्हींची सलामी घ्यायला नकार दिला. एका गल्लीत दोन मंडळं झाली की पाहुणा कुठेच जात नाही, तसं.

फ्रेडरिक डग्लस, स्वतः गुलामीतून पळून आलेले, या समारंभांतले मोठे वक्ते. १८८८ च्या १६ एप्रिलला त्यांनी हारतुऱ्यांचं भाषण केलंच नाही. दक्षिणेतल्या शेतमजुरांची दैना पाहून आलेले डग्लस म्हणाले की ही तथाकथित मुक्ती म्हणजे एक प्रचंड फसवणूक आहे. तेव्हा दक्षिणेत मजुरी रोख न देता मालकाच्याच दुकानात चालणारी चिठ्ठी दिली जायची, आणि त्या दुकानातला भाव मालकच ठरवायचा. वेठबिगारी आणि सावकारी पाहिलेल्या कुणालाही यातलं काही समजावून सांगायची गरज नाही.

१९०१ नंतर मिरवणुका थांबल्या. शहर ही तारीख जवळपास विसरलं. ती परत आणली ती मुख्यतः लॉरेटा कार्टर हेन्स या वॉशिंग्टनच्या रहिवासी बाईंनी. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून त्यांनी जुने कागद धुंडाळले, स्मरणाचे कार्यक्रम सुरू केले, नगरसेवकांच्या मागे लागल्या. व्हिन्सेंट ऑरेंज या कौन्सिल सदस्यांनी विषय उचलला. २००० साली पहिला कायदा झाला, २००२ मध्ये मिरवणूक पुन्हा निघाली, आणि जानेवारी २००५ मध्ये महापौर अँथनी विल्यम्स यांनी १६ एप्रिल ही सार्वजनिक सुट्टी करणाऱ्या कायद्यावर सही केली.

दिन, सुट्टी आणि भरपगारी सुट्टी

इथे थोडं थांबू, कारण बातम्यांत या तिन्हींची सरमिसळ होते.

एखाद्या तारखेला 'दिन' जाहीर करणं सोपं. ठराव होतो, महापौर फोटो काढतात, इमारतीवर रोषणाई होते. ऑफिस नेहमीसारखं चालू. २००० सालच्या कायद्याने वॉशिंग्टनने एक पायरी वरचं काम केलं. सुट्टी कायद्यात आली, पण ऐच्छिक. ज्याला घ्यायची त्याने आपल्या खात्यातली रजा टाकावी, जादा कामाच्या बदल्यातली रजा वापरावी, नाहीतर बिनपगारी घ्यावी. आपल्याकडे ज्यांच्या घरात कोणी सरकारी नोकरीत आहे त्यांना हे पटकन कळेल. स्मरण कर्मचाऱ्याने करायचं आणि खर्चही त्यानेच सोसायचा, असा तो मामला होता. २००५ ला ते बदललं: ऑफिस बंद, पगार चालू, रजेच्या खात्याला धक्का नाही.

अशा सुट्टीचा शहराला खर्च किती, हा प्रश्न कौन्सिलमध्ये हटकून येतो. टेबलावर बसणाऱ्या कर्मचाऱ्याचा वार्षिक पगार ठरलेला असतो. एक सुट्टी वाढली म्हणून तिजोरीतून नवा पैसा जात नाही, एका दिवसाचं काम जातं. नवा पैसा जातो तो पोलिस, अग्निशमन, पाणीपुरवठा, इस्पितळं अशा जागी, जिथे कुलूप लावता येत नाही. तिथे ड्यूटीवर असलेल्यांना सुट्टीच्या दिवसाचा जादा दर द्यावा लागतो. भट्टीला रविवार नसतो, तेच.

मिळते कोणाला? शहर सरकारच्या नोकरांना. सरकारी शाळाही बंद राहतात. खासगी कंपनीवर मात्र बंधन नाही. अमेरिकेत खासगी मालकाने सणावाराला पगारी सुट्टी दिलीच पाहिजे असा केंद्रीय कायदाच नाही. १९३८ चा कामगार कायदा किमान वेतन आणि ओव्हरटाइमचं बोलतो, सुट्टीबद्दल गप्प आहे. त्यामुळे मुक्ती दिनाला फाइल हातावेगळी करणारा घरी असतो, आणि कॉफीच्या दुकानात फडकं मारणारी मुलगी बहुधा कामावर. मला विचाराल तर या सुट्टीवरची हीच टीका सगळ्यात वजनदार आहे. इतिहासाच्या पानांत ज्यांच्यासारख्यांची मजुरी बुडाली, त्यांच्याच वाट्याला ही सुट्टी सगळ्यात कमी येते. तरीही ऐच्छिकपेक्षा भरपगारी बरी. शहराने निदान स्वतःच्या खिशात हात घातला.

शहराचा खिसा म्हणालो, पण या शहराला स्वतःचा खिसाही पुरता नाही. १९७३ च्या कायद्याने वॉशिंग्टनला निवडून आलेला महापौर आणि कौन्सिल मिळाली खरी, पण कौन्सिलचा जवळपास प्रत्येक कायदा आधी काँग्रेसपुढे ठेवावा लागतो आणि ठरावीक दिवस वाट पाहावी लागते. महापौरांची सही जानेवारीत झालेला सुट्टीचा कायदा अंमलात आला तो ५ एप्रिल २००५ ला, सणाच्या अकरा दिवस आधी. ज्या अधिकाराने काँग्रेसने १८६२ मध्ये इथली गुलामी संपवली, त्याच अधिकाराने ती आजही इथल्या सुट्टीवर नजर ठेवते. सात लाखांच्या आसपास लोकवस्ती, सगळे कर भरतात, पण काँग्रेसमध्ये मतदानाचा हक्क असलेला त्यांचा एकही सदस्य नाही. २००० सालापासून इथल्या गाड्यांच्या नंबरप्लेटवरच ती तक्रार छापलेली असते: कर घेता, प्रतिनिधित्व देत नाही. म्हणून १६ एप्रिलला गाणीबजावणी होते तशा वॉशिंग्टनला राज्याचा दर्जा द्या अशा घोषणाही होतात.

आता टॅक्सकडे या

अमेरिकेत विवरणपत्राची मुदत १५ एप्रिल. कायदा म्हणतो की शेवटचा दिवस शनिवारी, रविवारी किंवा 'कायदेशीर सुट्टी'च्या दिवशी आला तर पुढच्या कामाच्या दिवसापर्यंत मुदत. आणि कायदेशीर सुट्टी म्हणजे कुठली? वॉशिंग्टन डी.सी.मधली. हे लिहिणाऱ्यांच्या डोक्यात राजधानीची सुट्टी म्हणजे देशाची सुट्टी असंच असणार. शहर उद्या स्वतःची सुट्टी काढेल हे कोणाच्या गावी नव्हतं.

त्यात वॉशिंग्टनची सुट्टी वाया जात नाही. १६ तारीख रविवारी आली तर सोमवारी सुट्टी, शनिवारी आली तर आदल्या शुक्रवारी. (आपल्याकडे दिवाळीचा एखादा दिवस रविवारी आला की 'बुडाली' म्हणून हळहळायचं आणि गप्प बसायचं.) त्यामुळे २०११, २०१६, २०२२ मध्ये १६ ला शनिवार असल्याने शुक्रवारी, म्हणजे नेमकी १५ लाच सुट्टी पडली आणि मुदत सोमवार, १८ वर गेली. २००७, २०१२, २०१८ मध्ये रविवार आणि सोमवारची सुट्टी जोडून १७. बहिणीच्या २०२३ मध्ये शनिवार, रविवार आणि सोमवारची सुट्टी, म्हणून मंगळवार, १८.

गंमत पुढेच आहे. टॅक्स खात्याचं मुख्यालय वॉशिंग्टनमध्येच, पण तिथले नोकर केंद्राचे, शहराचे नाहीत. शहराच्या सुट्टीत केंद्राची ऑफिसं चालू असतात. म्हणजे ज्या सुट्टीमुळे मुदत वाढते, त्या दिवशी टॅक्सवाले कामावर हजर!

मग जून १९ चं काय, असंही बहिणीने विचारलं, कारण ती सुट्टी तिला मिळते. ती टेक्सासची तारीख. १९ जून १८६५ ला जनरल गॉर्डन ग्रेंजर यांनी गॅल्व्हेस्टनमध्ये मुक्तीचा हुकूम वाचून दाखवला. टेक्सासने १९८० पासून ती राज्याची सुट्टी केली आणि २०२१ मध्ये ती केंद्राची झाली. फ्लोरिडात मुक्ती दिन २० मेचा, कारण टॅलाहासी या तिथल्या राजधानीत जाहीरनामा त्या दिवशी वाचला गेला. कॅनडात १ ऑगस्ट, कारण ब्रिटिश साम्राज्यातल्या गुलामीबंदीचा कायदा १८३४ च्या त्या तारखेला अंमलात आला. तिथेही भरपाई मालकांनाच, दोन कोटी पौंड. मुक्तीची बातमी आणि तिच्यामागचं सैन्य जिथे ज्या दिवशी पोचलं, ती तिथली तारीख. सगळ्या देशाला लागू झालेली घटनेची तेरावी दुरुस्ती पुरेशा राज्यांनी मान्य केली ती ६ डिसेंबर १८६५ रोजी. ही तारीख वाचून मराठी माणूस क्षणभर थबकतो. तो निव्वळ योगायोग आहे.

योगायोग नसलेला धागा दुसरा. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केलं ते अमेरिकेतल्या सज्जनांना, काळ्या लोकांच्या मुक्तीसाठी त्यांनी दाखवलेल्या निरपेक्ष स्वार्थत्यागाबद्दल. मालकांच्या भरपाईचा हिशेब त्या अर्पणपत्रिकेत नाही, असायचं कारणही नव्हतं. पण पुण्यात बसून अकरा वर्षांपूर्वीच्या त्या घडामोडींचा अर्थ आपल्या माळी-कुणब्यांसाठी, महार-मांगांसाठी लावणारा माणूस इथे होता.

हे सगळं मी बहिणीला लिहून पाठवलं. तिचं उत्तर आलं: "फिलिप रीडचं वाचून रडू आलं. बरं, पुढची जादा मुदत कधी?" कॅलेंडर काढून पाहिलं. २०२७ ला पंधरा तारीख गुरुवारी येते, काही फायदा नाही. २०२८ ला शनिवार. मंगळवार, १८ एप्रिलपर्यंत वेळ आहे तिला.